पांढऱ्या बुरणुसाचे सतरा तुकडे

कल्पना करा, तुम्हाला एका रिकाम्या इमारतीत सोडलं आहे. इमारत साठ वर्षांची. महिन्याभरात ती पाडणार आहेत, आणि पाडण्याआधी तिच्या पोटात काय काय लपलंय ते तुम्ही शोधून लिहून द्यायचं आहे. हातात बॅटरी, धारदार चाकू, चिकटपट्टीचं रीळ, झिपच्या पिशव्यांची चळत आणि पाण्याची फवारणीची बाटली. अंगावर कागदी सूट, तोंडावर दोन डब्यांचा मास्क. त्यातून दिवसभर स्वतःचाच श्वास ऐकू येतो. एकेक खोली घ्यायची. छत, भिंतीतला पुठ्ठा, फरशीखालचा डांबरी थर, खिडकीच्या काचेभोवतीची पुट्टी, पाइप, पाइपाचं वळण, वळणावरचं गाठोडं. संशय आला की आधी पाणी फवारायचं. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेले असतात, म्हणजे ते आत मुरतं आणि धूळ उडत नाही. मग नखाएवढा तुकडा कापायचा, पिशवीत टाकायचा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर नंबर. भोकावर चिकटपट्टी. ओल्या फडक्याने पुसून पुढे.

हे सगळं ज्याच्यासाठी करायचं त्याला वास नाही, चव नाही. त्याने घसा खवखवत नाही. आज छातीत गेलेला एक तंतू वीस-तीस वर्षं गप्प बसू शकतो, कदाचित कायमचाच. कोणाच्या छातीतला गप्प बसेल आणि कोणाच्या नाही, हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

आता समजा, एका तळघराला कुलूप आहे. किल्ली सापडत नाही. बाहेर बर्फ पडायला लागलाय, घाट बंद व्हायच्या आत निघायचं म्हणून ड्रायव्हर तिसऱ्यांदा हॉर्न वाजवतोय. फॉर्मवर तळघराचा रकाना कोरा आहे. काय लिहाल?

नियम सोपा आहे. न पाहिलेली जागा वाईटच धरायची. ‘पाहता आली नाही, अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे समजावे.’ उल्कान सादिरबायेवाने हे वाक्य अकरा वर्षांत शेकडो वेळा लिहिलं. फक्त एकदा लिहिलं नाही.

उल्कानचा जन्म बिश्केकचा. वडील ट्रॉलीबस चालवायचे, आई शिवणकारखान्यात. घरात किरगिझ बोलायचे पण शाळा रशियन, त्यामुळे तिची किरगिझ भाषा शहरातली, स्वयंपाकघराइतकी आणि बाजाराइतकी. आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी बसली. पाण्याचे नमुने, पिठाचे नमुने, मग एके वर्षी परदेशी पैशातून शाळा-दवाखाने दुरुस्त व्हायला लागले आणि देणाऱ्यांनी अट घातली की आधी इमारत तपासा. खात्यात माणसं कमी करायचं चाललंच होतं. उल्कान एका लहानशा कंपनीत गेली. तिथे नमुने आणणारीही तीच आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघणारीही तीच. भिंगातून ते तंतू सुंदर दिसतात, हे ती लाजत कबूल करायची. कुरळे, रेशमासारखे, प्रकाश फिरवला की निळे-जांभळे होणारे.

लोक तिची थट्टा करायचे. लग्नाला गेली तरी आधी छताकडे बघते, नवरीकडे नंतर, असं तिची नणंद सगळ्यांना सांगायची. ड्रायव्हर इसाक तिला ‘भिंतींची सासू’ म्हणायचा. ती तिथे पोचली की भिंत घाबरून पोपडे टाकते, असं त्याचं म्हणणं. इसाक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी तो तिला एजे म्हणायचा, म्हणजे ताई. तिने एकदा विचारलं की मी तुझी ताई कशी, तर म्हणाला, ‘‘जी बाई मला गाडीत धूम्रपान करू देत नाही ती ताईच.’’

त्या ऑक्टोबरात दोघं कारा-झारला निघाले. सात तासांचा रस्ता, दोन घाट. कारा-झार हे कोळशाच्या खाणीसाठी वसवलेलं गाव. खाण बंद पडून तीस वर्षं झाली, अर्धी घरं रिकामी, उरलेल्या अर्ध्यांतली तरुण माणसं कामाला रशियात. गावाला गरम पाणी पुरवणारं जुनं बॉयलरघर पाडायचं होतं आणि त्याची तपासणी उल्कानकडे आली होती. चार वर्षांपूर्वी ती इथे येऊन गेली होती, बालवाडीच्या कामासाठी. बालवाडीची दुरुस्ती त्यानंतर झाली. आता ती रस्त्यावरून पिवळीधमक दिसत होती, कुंपणावर रंगीत टायर.

बॉयलरघराच्या दारात कालमात आके, म्हणजे कालमातदादा, उभे होते. बालवाडी, बॉयलरघर, जुनं चित्रपटगृह, सगळ्यांच्या किल्ल्या गेली चाळीस वर्षं त्यांच्याकडे. शहात्तर वर्षांचे, उंच पांढरी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी उल्कानला ओळखलं, दोन्ही हातांनी तिचा हात धरला, घरच्यांची, रस्त्याची, तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, ‘‘यावेळी सगळ्या किल्ल्या आहेत बघ, पोरी. मागच्यासारखं नाही.’’

आत अंधार आणि काजळी. कालमात आक्यांना मास्क घालायला लावणं जड गेलं. टोपी काढायला ते तयार नव्हते आणि टोपीवरून पट्टा बसत नव्हता. शेवटी ते दारातच थांबले. उल्कान बॅटरी घेऊन मागच्या भिंतीपाशी गेली. तिथून एक जाड पाइप निघून जमिनीत शिरत होता. पाइपावर हातभर रुंदीच्या राखाडी-पांढऱ्या कापडाचे थर, वर तारेचे वेढे. एका ठिकाणी कापड फाटून त्याचे केस लोंबत होते. हे बघून तिला काही नवीन वाटलं नाही. असलं कापड तिने किमान पन्नास बॉयलरघरांत पाहिलं होतं. नमुना ही केवळ औपचारिकता. तिने फवारलं, कापलं, पिशवीत घातलं आणि नंबर लिहीत सहज मागे वळून विचारलं, ‘‘आके, हा पाइप जातो कुठे?’’

‘‘बालवाडीत. दुसरीकडे कुठे जाणार?’’ ते म्हणाले. ‘‘हा तोच, पांढरा बुरणूस. मागे तुला सांगितलं नव्हतं का, तिकडे खालीही तोच गुंडाळलेला म्हणून?’’

उल्कानचं पेन नंबरावरच थांबलं.

चार वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला लख्ख आठवला. तळघराची किल्ली सापडत नव्हती. बर्फ, हॉर्न. कालमात आक्यांच्या घरी दुधाचा खारा चहा पिता पिता तिने विचारलं होतं की तळघरात पाइपांवर काय आहे. ते म्हणाले होते, आक कियिझ. पांढरा बुरणूस. शहरात वाढलेल्या मुलीला तो शब्द केवढा ओळखीचा. आजीच्या घरी पाहुण्यांना बसायला अंथरायचा, मेंढीच्या लोकरीचा, शुभ. आणि जुन्या काळी पाइपांना खरोखरच लोकरी बुरणूस गुंडाळायचे, हे तिने पुस्तकात वाचलेलं. दोन्ही गोष्टी डोक्यात चपखल बसल्या. तिने रशियन फॉर्मवर लिहिलं: तळघरातील पाइप, लांबी सव्वीस मीटर, आवरण लोकरी बुरणूस, धोका नाही, साध्या मजुरांकडून काढण्यास हरकत नाही. खाली सही.

खाणीतल्या माणसांनी मात्र आगीत न जळणाऱ्या त्या कापडाला पन्नास वर्षांपूर्वी चेष्टेने हे नाव दिलं होतं. चेष्टा करणारे मेले, नाव राहिलं. कारा-झारमध्ये दुसरा शब्दच नव्हता. ‘अ‍ॅस्बेस्टॉस आहे का’ असं कोणी विचारलं असतं, तर कालमात आक्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं असतं.

ती बाहेर आली, मास्क काढला आणि पायरीवर बसली. इसाकने थर्मास पुढे केला, तो तिने घेतला नाही. तिने एवढंच विचारलं की बालवाडीतला तो बुरणूस कामगारांनी काढल्यावर गेला कुठे.

कालमात आके जरा फुशारकीनेच सांगू लागले. शहरातल्या मजुरांनी तो ओढून काढला आणि अंगणात चिखलात फेकला. कचऱ्याच्या ट्रकची वाट बघत होते. आता पांढरा बुरणूस कोणी पायदळी पडू देतं का? नाव तरी बघायचं. शिवाय एवढा चांगला माल, जळत नाही, कुजत नाही, कसर लागत नाही. त्यांनी तो घरी नेला. सुनेने आणि शेजारच्या चौघींनी तो कुंपणावर टाकून काठ्यांनी बडवला.

‘‘बडवला?’’

‘‘बुरणूस बडवायचाच असतो, पोरी. धूळ केवढी होती त्यात. दुपारभर बडवत होत्या, तरी निघतच होती. नंतर नदीवर धुतला. काय पांढरा निघाला म्हणून सांगू. सतरा तुकडे केले मी, माझ्या हाताने. ज्याची चूल गळते, ज्याची भिंत तापते, त्याला त्याला दिले.’’

इसाकने झाकण लावून थर्मास गाडीत ठेवला.

कसं सांगावं, याची वाक्यं तिच्याकडे तयार होती. अकरा वर्षं ती शाळांच्या मुख्याध्यापकांना, ठेकेदारांना हेच समजावत आली होती. पण त्या वाक्यांमध्ये चूक नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असायची. यावेळी तिने सरळ सांगितलं. तो बुरणूस नाही. तो दगडाचा धागा आहे, छातीत जाऊन बसतो आणि कैक वर्षांनी कर्करोग करतो. मी तो न बघता बुरणूस म्हणून लिहिला. मी बरोबर लिहिलं असतं, तर मजुरांनी सूट घालून, ओला करून, गोण्यांत बांधून नेला असता आणि तुमच्या अंगणापर्यंत तो आलाच नसता.

कालमात आके बराच वेळ किल्ल्या चाचपत राहिले.

‘‘किती वर्षांनी म्हणालीस?’’

‘‘वीस. तीस. कधी चाळीस.’’

‘‘माझं काही नाही मग. माझी वीस कुठली आलीत.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘आणि सूनबाई? चौतीसची आहे ती.’’

‘‘मला माहीत नाही, आके. एका दिवसाने काही होत नाही बहुतेकांना. पण बहुतेकांना, एवढंच मी म्हणू शकते.’’

सून, आयपेरी, खिडकीतून हात हलवून चहाला बोलवत होती. दोघांनीही तिच्याकडे बघणं टाळलं.

उल्कानने बिश्केकला साहेबांना फोन लावला. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कंपनीत सहा माणसांचे पगार होते. तो म्हणाला की बॉयलरघराचा अहवाल नीट कर आणि परत ये. बालवाडीची फाइल बंद झालेली आहे, देणाऱ्यांनी फीतही कापली. तुला घरोघर जाऊन सांगायचं असेल तर तोंडी सांग, मी अडवत नाही. कागदावर एक अक्षर देऊ नकोस. परवाना तुझ्या नावावर आहे, हे विसरू नकोस.

ती ‘बरं’ म्हणाली. तेव्हा ते तिला खरंच बरं वाटलं होतं. सतरा तुकडे परत गोळा करायचे, जाड पिशव्यांत बांधायचे, बॉयलरघराच्या मालाबरोबर पुरायला पाठवायचे. कागदाचं पुढे बघू.

कालमात आके बरोबर आले. त्यांच्याशिवाय एकही दार उघडलं नसतं. पहिले दोन तुकडे त्यांच्याच चुलीमागून निघाले. उल्कानने ते फवारून भिजवले, घड्या न घालता पिशवीत सरकवले, चुलीमागची भिंत ओल्या फडक्याने तीनदा पुसली आणि फडकीही पिशवीत टाकली. आयपेरी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं की एवढा सूट घालून तुम्ही हात लावता, आणि आम्ही तर त्यावर भाकऱ्या गार करायला ठेवत होतो. उल्कानने मास्कच्या आतून दिलेलं उत्तर तिला ऐकू आलं नाही, आणि उल्कानने ते पुन्हा दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ घरांतून आणखी दहा तुकडे मिळाले. प्रत्येक घरात आधी पाव आणि चहा, मग गोष्ट, मग तुकडा. कोणी इस्त्रीच्या टेबलावर ठोकला होता, कोणी मधमाश्यांच्या पेटीला थंडीसाठी गुंडाळला होता. एका बाईने त्याचे हातमोजे शिवले होते, तंदूरमधून पाव काढायला. मोजे देताना ती म्हणाली, ‘‘याच्या बदल्यात मला मोजे कोण देणार? हात भाजला की तोही तीस वर्षांनी दुखणार आहे का?’’ इसाकने गाडीतले स्वतःचे चामड्याचे मोजे आणून तिच्या हातात ठेवले आणि म्हणाला की यांना पेट्रोलचा वास येईल, तेवढा पावात मुरू देऊ नका.

चार तुकडे तेमिरकुलच्या हमामखान्यात होते. तेमिरकुल खाणीत काम केलेला, रुंद छातीचा माणूस. त्याने चौघडी करून पाणी तापवायच्या टाकीला ते जाड गुंडाळले होते. त्याने दार अडवलं.

‘‘छपराकडे बघ, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘शिफरचे, सिमेंटचे पत्रे. त्यातही हेच आहे ना?’’

उल्कान हो म्हणाली.

‘‘लहानपणी त्याचे तुकडे आम्ही शेकोटीत टाकायचो. फटाक्यासारखे उडायचे. तूही टाकले असशील.’’

तिने टाकले होते. ट्रॉलीबसच्या डेपोमागे, दर शरदात.

‘‘मग? माझं छप्पर नेणार आहेस? सगळ्या गावाचं नेणार आहेस? नाही ना? मग चार चिंध्यांसाठी माझी टाकी कशाला उघडी करतेस? उद्या दंडाची नोटीस आली तर कोणाच्या नावाने येईल?’’

तिने समजावलं. पत्र्यात सिमेंटने त्याला धरून ठेवलेलं असतं. फोडला, कापला, तरच तो सुटतो. या कापडात त्याला धरणारं काहीच नाही, हात फिरवला तरी उडतं. तो ऐकत होता, पण त्याचा हात चौकटीवरून निघाला नाही. त्याला सरकारी माणसांचा अनुभव होता. आज फुकट सांगतात आणि उद्या पावती फाडतात.

मग तिने तेच सांगितलं जे कालमात आक्यांना सांगितलं होतं. चूक तुझी नाही, यांचीही नाही, माझी आहे.

तेमिरकुलने तिच्याकडे प्रथमच नीट बघितलं.

‘‘लिहून दे.’’

इसाक तिच्या कोपराला हात लावून हळू म्हणाला, ‘‘एजे, चल. तेरा मिळाले काय, सतरा मिळाले काय. कागदाचं साहेबांनी काय सांगितलंय, आठव.’’

‘‘बारा,’’ ती म्हणाली. ‘‘बारा मिळालेत.’’

हमामखान्याच्या दारातून आतली फळी दिसत होती. तिच्यावर तीन लहान टॉवेल वाळत होते, बदकांचे चित्र असलेले. तिने फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर किरगिझमध्ये लिहिलं, शब्द अडत अडत, एक-दोन ठिकाणी कालमात आक्यांना विचारून. अमुक तारखेला मी बालवाडीचं तळघर न बघता त्यातलं आवरण बुरणूस आहे असं लिहिलं. ते अ‍ॅस्बेस्टॉस होतं. ते घरी नेणाऱ्यांचा दोष नाही. सही, परवान्याचा नंबर. तेमिरकुलने कागद दोनदा वाचला, टोपीच्या अस्तरात ठेवला आणि बाजूला झाला. टाकीवरून तुकडे सोडवायला त्याने मदत करू म्हटलं, तेव्हा तिने त्याला आपला जादाचा मास्क दिला. त्याने तो मुकाट्याने घातला.

सोळा झाले.

सतरावा शारकान आपांकडे, असं कालमात आके पहिल्यापासून सांगत होते. शारकान आपा गावाच्या वरच्या टोकाला, नातवासोबत एकट्या. मुलगा-सून मॉस्कोत. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, तळलेल्या बोर्सोकांची परात मध्ये ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सहज म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे नाहीये तो आता. फिरायला गेलाय.’’

उल्कानला वाटलं, तिलाच भाषा नीट कळली नाही. तिने पुन्हा विचारलं.

आपांनी समजावलं. नातू एक वर्षाचा झाला, पाय टाकायला लागला. पाय मोकळे करायचा दिवस ठरला. मुलाला पांढऱ्या बुरणुसावर उभं करतात, दोन पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात, गल्लीतली पोरं पळत येतात आणि पहिलं येईल ते दोरा कापतं. आता खरा पांढरा बुरणूस आणायचा कुठून? पांढरी मेंढरं राहिली कोणाकडे? तेव्हा कालमातने दिलेला तुकडा त्यांनी चुलीला न लावता ठेवून दिला होता. त्याला लाल काठ शिवला. आणि तो काय साधा बुरणूस नव्हता. त्यांनी कोपऱ्याला काडी लावून बघितली होती.

‘‘जळत नाही, पोरी. मी म्हटलं, याच्यावर पहिलं पाऊल टाकलेल्या लेकराला आगही हात लावणार नाही. असंच म्हणून मी त्याला उभं केलं. मग शेजारची मागायला आली. तिच्या मुलीचं झालं की तिच्या नणंदेने नेला. असा चाललाय. प्रत्येक घर वापरून झालं की झटकतं, धुतं आणि पुढच्याला देतं.’’

नातू, चार वर्षांचा अझिरेत, परातीतून एक बोर्सोक उचलून उल्कानकडे बघत उभा होता. त्याचं नाक वाहत होतं, तेवढंच.

‘‘किती मुलं झाली, आपा?’’

आपांनी बोटं मोजली. मग पुन्हा पहिल्या बोटावर आल्या. ‘‘अकरा तरी. जास्तही असतील. खालच्या गावातही गेला म्हणतात.’’

कालमात आक्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गेल्या दोन दिवसांत त्यांनी ती पहिल्यांदाच काढली होती.

ते संध्याकाळपर्यंत त्या तुकड्याच्या मागे फिरले. शेजारीण म्हणाली नणंदेकडे. नणंद म्हणाली, शिक्षिकेच्या घरी. शिक्षिकेने मोबाइलमध्ये फोटो दाखवला. लाल काठाचा पांढरा चौकोन, त्यावर डगमगणारी मुलगी, डोक्यावर पिसांची टोपी, आजूबाजूला हसणारे चेहरे. उल्कानने तो फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि कापडाच्या एका कोपऱ्यात उसवलेले धागे बघितले. शिक्षिकेकडून तो एका जोडप्याने नेला होता. त्यांनी मुलाचे पाय मोकळे केले आणि महिन्याभराने तिघंही रशियात कामाला गेले. घराला कुलूप. कालमात आक्यांच्या जुडग्यात त्याची किल्ली नव्हती, पण शेजाऱ्याकडे होती. त्यांनी घर उघडलं, उल्कानने पेटारे, गाद्यांच्या चळती, चुलीमागची जागा, सगळं बघितलं. बुरणूस नव्हता. शेजाऱ्याला अंधुक आठवत होतं की जाण्याआधी एक बाई येऊन काहीतरी गुंडाळून घेऊन गेली. खालच्या गावातली असावी, कडेवर मूल होतं. नाव त्याला माहीत नव्हतं.

सोळा तुकडे पिशव्यांत बांधून ते परत निघाले. घाटात इसाकने खिडकी उघडून सिगरेट पेटवली, आणि ती काही बोलली नाही.

नोव्हेंबरात तेमिरकुलच्या टोपीतल्या कागदाचा फोटो कोणाच्या तरी फोनवरून कोणाच्या तरी फोनवर गेला आणि तिसऱ्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर आला. त्याने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की मी काय सांगितलं होतं. परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला गेला. उल्कानने त्याआधीच बालवाडीच्या अहवालाचं दुरुस्तीपत्रक लिहून आरोग्य खातं, पैसे देणारे आणि बालवाडी अशा तिन्ही ठिकाणी पाठवलं होतं. एका ठिकाणाहून पोच आली. आयपेरीला आणि बडवणाऱ्या चौघींना दरवर्षी छातीचा फोटो काढायला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. पहिल्या वर्षीचे फोटो स्वच्छ आले. ते स्वच्छच येणार होते. त्या फोटोंना काही अर्थ असेल तर तो वीस वर्षांनी.

आता ती घरी असते. मुलीच्या दुकानात हिशेबाला बसते, दर शुक्रवारी दुपारी कारा-झारला फोन लावते. कालमात आके उचलतात. आधी ते तब्येत विचारतात, हवा सांगतात, घाट उघडा आहे की बंद ते सांगतात. मग पुढचं काय ते दोघांनाही माहीत असतं. त्यांनी खालच्या गावात तीन फेऱ्या मारल्यात. मशिदीत सांगून झालं, दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावून झाली. गेल्या शुक्रवारी ते म्हणाले की लोक आता जरा चिडतात, एवढ्या शुभ वस्तूबद्दल वाईट बोलतो म्हणून. काहींना वाटतं, म्हाताऱ्याला तो तुकडा स्वतःसाठी परत हवाय.

उल्कानच्या वहीत अकरा मुलांची नावं आहेत, वयांसकट. बाराव्या ओळीवर नाव नाही. कडेवर मूल घेऊन आलेली ती बाई कोण होती, आणि लाल काठाचा तो बुरणूस आज कोणाच्या अंगणात झटकताहेत?